रंगमंचावरील प्रकाश आणि घड्याळ



नाटकास गेलेला प्रेक्षक तिसरी घंटा झाली कीं समोर पाहूं लागतो, आणि पडदा पडेपर्यंत आपल्या पाठीमागें काय चाललें आहे याचा त्यास विसर पडतो. तसा तो पडावा हेंच योग्य. परंतु ठाण्याचें गडकरी रंगायतन घ्या, कल्याणचें आचार्य अत्रे रंगमंदिर घ्या, किंवा डोंबिवलीचें सावित्रीबाई फुले कलामंदिर घ्या. प्रयोग चालू असतां अंधारांत एका लहानशा पेटीसमोर बसलेला एक मनुष्य असतोच. त्या पेटीस कन्सोल म्हणतात. कोणता दिवा केव्हां लागावा, किती तेजानें लागावा आणि किती वेळांत मंद व्हावा, हें तेथून ठरतें. प्रकाशांतील अशा प्रत्येक बदलास नाटकमंडळी ‘क्यू’ म्हणतात. घरगुती विषयाच्या नाटकास असे वीसपंचवीस क्यू पुरूं शकतात. उलट नृत्याच्या कार्यक्रमांत चार मिनिटांच्या एकाच गाण्यांत तितके होऊन जातात.

हे क्यू माणसाच्या बोटानें द्यावे कीं घड्याळाच्या हातीं सोंपवावे, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. विषय यंत्राचा असला तरी तो केवळ यंत्रज्ञांचा नाहीं. ठाण्यापासून कल्याणपर्यंत शाळांचीं स्नेहसंमेलनें, नृत्यवर्गांचे वार्षिक कार्यक्रम आणि गणेशोत्सवांतील ध्वनि-प्रकाशाचे देखावे बहुधा ध्वनिमुद्रित संगीतावर चालतात. आपल्या घरांतील मुलगी ज्या रंगमंचावर नाचते, तेथील उजेड आणि अंधार कोणाच्या ताब्यांत आहे, हें तिच्या आईबापांस ठाऊक असलेलें बरें.

मला स्वतःला हा विषय एका अपघातामुळें जाणून घ्यावा लागला. मी शिक्षक असतांना एका वर्षीं आमच्या मुलींनीं नृत्यनाटिका बसविली होती. संगीत आधींच ध्वनिमुद्रित केलेलें होतें. शेवटच्या प्रसंगीं मुख्य मुलीनें दोन पायऱ्या चढून एका चौथऱ्यावर उभें राहावयाचें, आणि संगीत थांबतांच संपूर्ण अंधार व्हावयाचा, अशी योजना होती. कन्सोलवर बसलेला तरुण हुशार होता. पण मध्येंच एका ठिकाणीं त्याच्याकडून घाईंत बटण दोनदां दाबलें गेलें. तेव्हांपासून दिवे एक क्यू पुढें चालूं लागले. गोंधळांत त्याला तें उमगलें नाहीं. अंधार कांहीं सेकंद आधींच झाला, आणि दुसऱ्या पायरीवरील मुलगी अंधारांत पाऊल चुकून खालीं आली. पाय मुरगळला; हाड मोडलें नाहीं, एवढेंच दैव. त्या तरुणास रागें भरण्याचें माझ्या मनांत आलें नाहीं. संगीत प्रत्येक वेळीं अगदीं सारखेंच वाजतें. मग त्यावर अवलंबून असलेले साठसत्तर क्षण एका माणसानें नुसत्या कानानें आणि बोटानें कां सांभाळावे, हा प्रश्न मात्र माझ्या मनांत राहिला.

हा प्रश्न नवा नाहीं. तापस सेन यांनीं १९५९ च्या सुमारास कलकत्त्याच्या रंगभूमीवर ‘सेतू’ नाटकांत धांवत्या आगगाडीचा, आणि ‘अंगार’ नाटकांत पाण्यानें भरत जाणाऱ्या कोळशाच्या खाणीचा भास प्रकाशाच्या साहाय्यानें निर्माण केला, तो नाट्यप्रेमी लोकांत फार गाजला. असा भास होण्यास आवाज आणि प्रकाश हे क्षणाचाहि फरक न पडतां एकत्र यावे लागतात, आणि त्या काळीं तें काम सर्वस्वीं हातांचें व सरावाचें होतें. फ्रान्समध्यें शांबोर येथील राजवाड्यांत १९५२ सालीं ध्वनि आणि प्रकाश यांचा पहिला मोठा कार्यक्रम झाला. तेथें नट नव्हतेच. ध्वनिफीत बोले आणि तिच्या अनुरोधानें भिंतींवर दिवे उजळत. अशा कार्यक्रमांत फीत हीच सूत्रधार असते. मग फितीनेंच दिव्यांस हुकूम कां देऊं नये?

याचें उत्तर रंगभूमीकडून आलें नाहीं, तें दूरचित्रवाणीकडून आलें. चित्रपटाची फिल्म उजेडांत धरली तर चित्रें डोळ्यांना दिसतात, म्हणून ती हवी तेथें कापतां येते. चुंबकीय फितीवरील चित्र तसें दिसत नाहीं. त्यामुळें फितीच्या प्रत्येक चित्रास एक क्रमांक देण्याची युक्ति अमेरिकेंत १९६७ च्या सुमारास निघाली, आणि तेथील चित्रपट व दूरचित्रवाणीच्या अभियंत्यांच्या संस्थेनें पुढें तिला प्रमाणरूप दिलें. या क्रमांकासच टाइम कोड म्हणतात. आपण त्यास कालांक म्हणूं.

कालांकांत चार जोड्या असतात: तास, मिनिटें, सेकंद आणि फ्रेम. फ्रेम म्हणजे एक चित्र. आपल्याकडील दूरचित्रवाणीच्या पद्धतींत एका सेकंदास २५ फ्रेमा असतात, म्हणजे एक फ्रेम सेकंदाच्या पंचविसाव्या भागाएवढी होते. तेव्हां ०१:००:४३:१० असा कालांक असेल तर त्याचा अर्थ, एक तास, शून्य मिनिटें, त्रेचाळीस सेकंद आणि दहावी फ्रेम.

ठाणेंकरांस हें समजावून देण्यास आगगाडीसारखें दुसरें साधन नाहीं. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून निघालेली गाडी ठाण्यास आली, तेव्हांपासून आपण रुळांच्या कडेस अंतराचे दगड पाहात आलों आहोंत. दगडावरील आंकडा गाडीचा वेग सांगत नाहीं. तो फक्त ठिकाण सांगतो. गाडी मध्येंच थांबली, मागें सरली किंवा कोणी डोंबिवलीसच चढला, तरी शेजारचा दगड पाहिला कीं आपण कोठें आहोंत तें कळतें. कालांक हा तसाच संगीताच्या रुळांशेजारील दगड आहे. तालमींत संगीत मध्यापासून वाजविलें तरी कन्सोल पुढें आलेला कालांक वाचतो, आणि त्या ठिकाणीं जो प्रकाश असावयास हवा तो लावतो. साधें घड्याळ एकदां चुकलें कीं चुकतच जातें. येथें प्रत्येक फ्रेमला पत्ता नव्यानें वाचला जातो. बटण दोनदां दाबल्यामुळें झालेली आमची चूक अशा योजनेंत टिकूं शकली नसती.

आतां हा पत्ता कन्सोलपर्यंत पोंचतो कसा, तें पाहूं. तो आवाजाच्याच रूपानें पाठवितां येतो. प्रत्येक फ्रेमसाठीं शून्य किंवा एक अशा ८० खुणा, ज्यांना बिट म्हणतात, एकामागून एक लिहिल्या जातात. त्यांपैकीं २६ खुणा तास, मिनिटें, सेकंद व फ्रेम यांचे आंकडे सांगतात. ३२ खुणा वापरणाऱ्यास स्वतःच्या नोंदीसाठीं मोकळ्या ठेवलेल्या असतात. ६ खुणा किरकोळ कामाच्या. आणि शेवटच्या १६ खुणा नेहमीं ठराविक असतात. या सोळांवरून फ्रेम कोठें संपली, तसेंच फीत पुढें चालली आहे कीं मागें, हें यंत्रास कळतें. पंचवीस फ्रेमांच्या ऐंशीऐंशी खुणा म्हणजे सेकंदास २००० खुणा झाल्या. शून्याची खूण असेल तेथें आवाजाची लहर सावकाश बदलते आणि एकाची असेल तेथें दुप्पट वेगानें. हा आवाज ऐकला तर कानास कर्कश किरकिर वाटते. म्हणून तो कर्ण्याकडे जातां कामा नये, कन्सोलकडेच गेला पाहिजे. दुसरा मार्ग संगीतवाद्यांच्या यंत्रांसाठीं १९८३ सालीं ठरलेल्या मिडी नांवाच्या पद्धतीचा. तिच्यांत एक पत्ता आठ लहान तुकड्यांनीं पाठविला जातो, आणि तो पुरा होण्यास दोन फ्रेमांचा वेळ लागतो.

येथें एक गल्लत टाळली पाहिजे. कालांक दिवे लावीत नाहीं. तो कन्सोलला फक्त ‘आतां येथें आलों’ एवढेंच सांगतो. कन्सोलमध्यें क्यूंची यादी असते आणि प्रत्येक क्यूपुढें त्याचा कालांक लिहिलेला असतो. पत्ता जुळला कीं कन्सोल तो क्यू सोडतो, आणि मग दिव्यांकडे निराळाच निरोप जातो. त्या निरोपाची डीएमएक्स ५१२ ही पद्धत १९८६ सालीं अमेरिकेंतील रंगमंच-तंत्रज्ञांच्या संस्थेनें ठरविली. तिच्या एका तारेवर ५१२ वाटा असतात, आणि प्रत्येक वाटेवर शून्यापासून २५५ पर्यंतची एक संख्या जाते. शून्य म्हणजे अंधार, २५५ म्हणजे पूर्ण तेज. थोडक्यांत, केव्हां हें कालांक सांगतो, काय हें यादी सांगते, आणि किती हें डीएमएक्स सांगतें.

यादी तयार करण्याची रीत सोपी आहे. आधीं प्रकाशयोजनाकार सारे क्यू नेहमींप्रमाणें तयार करतो. मग संगीत कालांकासह सुरू करून तो योग्य त्या क्षणीं बटण दाबीत जातो, आणि कन्सोल प्रत्येक वेळचा कालांक टिपून घेतो. माणसाचें बोट किंचित् उशिरां पडतेंच. म्हणून नंतर संथपणें बसून ते आंकडे एक-दोन फ्रेमांनीं मागेंपुढें करावयाचे. अनेक गाणीं असल्यास पहिल्या गाण्याचा कालांक एक वाजतां, दुसऱ्याचा दोन वाजतां, तिसऱ्याचा तीन वाजतां सुरू झाला असें मानावें. असें केलें म्हणजे गाण्यांचा क्रम आयत्या वेळीं बदलला तरी पत्ते एकमेकांत मिसळत नाहींत. कालांक संगीतापूर्वीं पांच-दहा सेकंद सुरू करावा, म्हणजे कन्सोलला तो ओळखण्यास अवधि मिळतो. संगीत व कालांक एकाच ध्वनिमुद्रिकेच्या दोन पट्ट्यांवर ठेवावे, निरनिराळ्या यंत्रांवर ठेवूं नयेत. आणि जागा वांचविण्यासाठीं आवाज दाबून लहान केलेली प्रत वापरूं नये, कारण त्या दाबण्यांत या बारीक खुणा पुसट होण्याचा संभव असतो.

सर्वांत मोठी चूक होते ती सेकंदांतील फ्रेमांच्या संख्येंत. चित्रपटास २४, आपल्या दूरचित्रवाणीस २५ आणि अमेरिकेकडे ३० अशा निरनिराळ्या मोजण्या आहेत. त्यांतहि अमेरिकेंत रंगीत दूरचित्रवाणी आली तेव्हां तांत्रिक अडचणीमुळें ३० ऐवजीं सुमारें २९.९७ फ्रेमा धराव्या लागल्या. फरक हजारांत एक एवढाच. पण तासाभरांत घड्याळ आणि कालांक यांत ३.६ सेकंदांचें अंतर पडतें. तें भरून काढण्यासाठीं तेथें कांहीं क्रमांक मुद्दाम गाळतात: दर मिनिटाच्या आरंभीं दोन, पण दर दहाव्या मिनिटास एकहि नाहीं, असे तासास १०८.

ही भानगड आपल्या आजोबापणजोबांस अपरिचित नव्हती. हिंदुस्थानची प्रमाणवेळ १९०६ सालीं सुरू झाली, तरी मुंबई शहरानें आपली निराळी वेळ १९५५ पर्यंत जपली, आणि ती प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटें मागें असे. दोन्ही घड्याळें आपापल्या परी बरोबर असत. पण एका घड्याळावरून निघून दुसऱ्या घड्याळाची गाडी पकडूं पाहणाऱ्याची फजिती ठरलेली. तसेंच येथें. संगीताची बाजू पाहणारा २५ धरून बसला आणि दिव्यांची बाजू पाहणारा ३०, तर सव्विसाव्या-सत्ताविसाव्या फ्रेमेस लिहिलेला क्यू ज्या पत्त्याची वाट पाहतो तो पत्ताच कधीं येत नाहीं. म्हणून दोघांनीं पहिल्याच दिवशीं एक संख्या ठरवून कागदावर लिहावी. आपल्याकडे २५ हीच सोयीची, कारण तिच्यांत अपूर्णांकाचा त्रास नाहीं.

मात्र फ्रेमेच्या अचूकपणाचें फार वेड घेऊं नये. आवाज सेकंदास सुमारें ३४० मीटर जातो. रंगमंचापासून पंचवीस मीटर दूर बसलेल्या प्रेक्षकास ढोलकीची थाप जवळजवळ दोन फ्रेमा उशिरां ऐकूं येते; प्रकाश मात्र त्याला तत्काळ दिसतो. त्याखेरीज दिव्यांचाहि स्वभाव असतो. तारेचा मोठा दिवा तापून पूर्ण उजळण्यास सेकंदाचे कांहीं दशांश घेतो. एलईडीचा दिवा लगेच उजळतो. फिरत्या तोंडाच्या दिव्यास वळावयास वेळ लागतो, म्हणून त्याला आधीं विझलेल्या स्थितींत वळवून ठेवावें आणि मग लावावें. हाच कार्यक्रम ठाण्याहून कल्याणास नेला आणि तेथें दिवे निराळ्या जातीचे मिळाले, तर यादी तीच ठेवून कांहीं क्यू थोडे अलीकडे ओढले कीं काम भागतें. फिरत्या मंडळींना हा फायदा लहान नाहीं. नाट्यगृह त्यांच्या ताब्यांत असतें तें कांहीं तासांपुरतेंच.

येथवर ऐकून आपणांस वाटेल कीं, मग सर्वच नाटकें कालांकावर बांधून टाकावीं. परंतु तसें करणें म्हणजे नाटकाचें नाटकपण घालविणें होय. ठाण्यांत ज्यांच्या नांवाचें नाट्यगृह आहे, त्या डॉ. काशिनाथ घाणेकरांच्या प्रवेशास टाळ्यांचा कडकडाट होई असें जुने प्रेक्षक सांगतात. त्या टाळ्या आज किती सेकंद टिकतील, हें आधीं कोणीं लिहून ठेवावें? विनोदी नाटकांत हंशा ओसरेपर्यंत नट थांबतो. शनिवारचा हंशा आणि मंगळवारचा हंशा सारखा नसतो. १९७२ सालीं पुण्यांत प्रथम झालेलें ‘घाशीराम कोतवाल’ आठवा. त्यांतील गाणारा-नाचणारा समूहच भिंत होतो आणि भिंतीचा समूह होतो. त्याची लय प्रत्यक्ष गळ्यांतून आणि वाद्यांतून येते. तेथें दिवेवाल्यानें गायकाच्या श्वासाकडे पाहिलें पाहिजे, आंकड्यांकडे नव्हे. नियम असा: वेळेचा मालक जर ध्वनिफीत असेल तर कालांक वापरावा, मालक जर जिवंत मनुष्य असेल तर क्यू माणसानेंच द्यावा. एकाच कार्यक्रमांत दोन्ही असतील तर गाण्यापुरता कालांक जोडावा आणि संवाद सुरू होतांच तो सोडवावा. कन्सोलवर तशी सोय असते.

आतां माझ्या गोष्टीचा उरलेला भाग सांगतों. पुढच्या वर्षीं आम्हीं नृत्यनाटिकेचे दिवे कालांकावर बांधले. सारें इतकें सुरेख जुळलें कीं, मागच्या वर्षीं चुकलेला तोच तरुण हात बांधून स्वस्थ बसला होता. शेवटचा प्रसंग आला. संगीत संपत आलें, अंधाराचा क्यू जवळ आला. आणि मला दिसलें कीं पैंजण सुटल्यामुळें मुलगी खोळंबली आहे आणि अजून पहिल्याच पायरीवर आहे. मागच्या वर्षीं अंधार चुकीच्या वेळीं झाला होता. यंदा तो अगदीं बरोबर वेळेस होणार होता, आणि तरी पडण्याचा धोका तोच. मीं तोंड उघडण्यापूर्वींच त्या तरुणानें कालांक तोडून दिवे हातीं घेतले. संगीत थांबलें, तरी दोन-तीन क्षण उजेड राहिला. मुलगी वर चढली, उभी राहिली, आणि मग त्यानें सावकाश अंधार केला. प्रेक्षकांस वाटलें कीं तें तसेंच बसविलें होतें.

त्या दिवसापासून आम्हीं एक नियम केला. रंगांचा बदल, प्रकाशाचे फेर, तालावरचे झोत हें सर्व घड्याळाकडे द्यावें. परंतु जेथें मनुष्य उंचावर उभा आहे, पायऱ्यांवर आहे, किंवा नेपथ्य हलत आहे, तेथला संपूर्ण अंधार घड्याळाच्या हातीं देऊं नये. तो क्यू यादींत असावा, पण त्यापुढें कालांक नसावा. डोळ्यांनीं पाहून, जागा मोकळी असल्याची खात्री करून, माणसानेंच तो द्यावा.

कालांक मध्येंच तुटला तर काय, असा प्रश्न राहतो. तार निसटली तरी कन्सोल थोडा वेळ स्वतःच्या घड्याळावर पुढें चालत राहतो. तो वेळ किती असावा हें आधीं ठरवितां येतें. दोन-तीन सेकंद पुरेत. फार ठेवला तर संगीत खरोखरच बंद पडलें असतांहि दिवे आपले नाचतच राहतील. तेवढ्या अवधींत कन्सोलवरील माणसानें सूत्रें हातीं घ्यावीं. आणि घेतां यावीं म्हणून तालमींपैकीं एक तालीम कालांकाशिवाय, संपूर्ण हातानें करून ठेवावी. ज्याला हातानें दिवे चालवितां येत नाहींत त्याला कालांकावर बसवूं नये.

आपल्या मुलांचा कार्यक्रम जवळ आला असेल तर रंगीत तालमीच्या दिवशीं जरूर जा, आणि दिवे पाहणाऱ्यास दोनच गोष्टी विचारा: शेवटचा अंधार कोण करणार आहे, आणि त्याला पायऱ्या दिसतात का. पहिल्याचें उत्तर एखाद्या माणसाचें नांव असलें, आणि दुसऱ्याचें उत्तर ‘होय’ असलें, तर निश्चिंत मनानें आपल्या खुर्चींत बसा.